जुनं खातं

महाल भागातल्या वामनराव गुरुजींच्या आवाजातल्या बालगोष्टींचं अ‍ॅप धरमपेठेतल्या एका कंपनीनं विकत घेतलं. मालकी नावावर होताच तिथला तरुण साहेब म्हणाला, "गुरुजी, क्लाउडवरचं तुमचं जुनं खातं आजच बंद करा. तुमच्या मालकीची खूण नको."

"साऱ्या गोष्टी त्याच खात्यात आहेत गा. आधी उतरवून घे."

"फ्लॅट घेतला की कपाट त्याच्यासंग येतेच. आम्हाले नका शिकवू."

गुरुजींनी खातं बंद केलं.

दुसऱ्या दिवशी साहेबाचा फोन आला. "गुरुजी, अ‍ॅप उघडून राहिलं, पण आत एकही गोष्ट नाही. आता कुठं भेटतील?"



"रोज संध्याकाळी ओट्यावर पोरांले सांगतो. ये, मागच्या रांगेत बस, अन् मधात बोलू नको."