रेषेबाहेरची बायको

निवृत्त झाल्यावर नवऱ्यानं स्वस्तातला व्हीआर हेडसेट आणला. त्याला ना वायर लागत होती, ना कॉम्प्युटर, ना बायको. डोळ्यांवर चढवायचा, हॉलच्या फरशीवर त्यातच दिसणाऱ्या रेषेनं आपली जागा आखायची आणि तिच्या आत खुशाल डोंगर चढायचे. रेषेबाहेर पाऊल पडलं की डोंगर जाऊन घर दिसायचं. माणूस टीपॉयवर आपटू नये म्हणून कंपनीनं केलेली ती सोय होती. बॅटरी दोन तासांत संपायची; मग तो चार्जरशेजारी बसून राहायचा.

बायकोनं ती सोय नीट समजून घेतली. दुपारी त्याचा डोळा लागला की ती हेडसेट चढवायची आणि रेषा वीतभर आत घ्यायची. वीतभरच. एकदम हात मारला की चोरी पकडली जाते, एवढं तिला संसारानं शिकवलं होतं.

"हल्ली दोन पावलं टाकली की डोंगर जातो आणि तू दिसतेस," तो कुरकुरला.

"स्वस्तातलं आहे ना, असंच चालायचं," ती आपल्या खुर्चीत मटार सोलत म्हणाली. "आता दिसलेच आहे, तर चहा टाकू?"

चहा व्हायचा. चहाबरोबर थोडं बोलणंही व्हायचं.

मध्ये ती दोन दिवस बहिणीकडे राहून आली. रेषेचं काम तुंबलं म्हणून तिनं आल्या आल्या हेडसेट चढवला. रेषा तिनं सोडली होती तिथे नव्हतीच. ती एका खुर्चीभोवती आखलेली होती, आणि ती खुर्ची तिच्या खुर्चीला लागून ठेवलेली होती.