सात टिंबं

“तुझंच काहीतरी चुकलंय,” खुर्चीतून न उठता पोतनीस म्हणाले.

शाल्मलीला ते अपेक्षितच होतं. कर्करोगाच्या वेदनांवरच्या नव्या औषधाने किती रुग्णांना आराम पडला, याचा तक्ता दोघांना करायचा होता. दोघांनी आपापला प्रोग्राम लिहायचा, एकमेकांच्या कोडमध्ये डोकावायचं नाही आणि आकडे जुळले तरच तक्ता पुढे पाठवायचा, अशी त्यांच्या ऑफिसची रीत. पोतनीसांचा आकडा तिच्यापेक्षा सातने जास्त येत होता, आणि तिला हे काम शिकवलं होतं पोतनीसांनीच.

“दहापैकी वेदना तीनपेक्षा कमी, म्हणजे आराम. यात चुकण्यासारखं आहे काय?” पोतनीसांनी विचारलं.

तिने ते सात रुग्ण शोधून काढले. सातही जणांच्या वेदनेच्या रकान्यात आकड्याऐवजी टिंब होतं. टिंब म्हणजे माहिती नाही. पण त्यांचं सॉफ्टवेअर टिंबाला कुठल्याही आकड्याहून लहान धरतं, त्यामुळे पोतनीसांच्या हिशेबात सगळ्यांत जास्त आराम या सात जणांनाच पडला होता.

“सर, हे तपासणीला आलेच नाहीत. त्याआधीच वारले.”

पोतनीसांनी स्क्रीनवर त्या सात ओळी एकेक करून पाहिल्या.

“आमचे अण्णा याच दुखण्याने गेले,” ते म्हणाले. “भेटायला येणारा प्रत्येक जण हेच म्हणायचा. सुटले एकदाचे.”

मग त्यांनी आपल्या प्रोग्राममधली अट दुरुस्त केली. सातही जण ‘आराम नाही’च्या ओळीत जाऊन बसले आणि आकडे जुळले.