समासातली नावं

हार्लनची नवी कादंबरी आली की नेब्रास्कातलं त्याचं अख्खं गाव वाचनालयात धडकायचं. कुठलं पात्र म्हणजे गावातलं कोण, ते लोक पेन्सिलीनं समासात लिहून ठेवायचे. न्हावी सापडला, पाद्री सापडला, ग्रंथपाल व्हर्नाचा लंगडा कुत्राही सापडला. सात कादंबऱ्या झाल्या, व्हर्ना मात्र कुठेच नव्हती.

आईच्या दफनाला हार्लन न्यूयॉर्कहून आला, तेव्हा व्हर्नानं विचारलंच, "कुत्रा चालला रे तुला, मीच तेवढी नकोशी झाले?"

हार्लन हसला नाही. "एकदा कागदावर उतरलेला माणूस माझ्या आठवणीतून कायमचा जातो, व्हर्ना. आईवर लिहिलं, आणि आता तिचा आवाजही आठवत नाही."

त्यानंतर समासातली नावं खोडरबरानं पुसताना व्हर्ना गुणगुणायला लागली.

नऊ वर्षांनी आठवी कादंबरी आली. पहिल्याच पानावर वाचनालय होतं, आणि कानामागे पेन्सिल खोचलेली एक मुलगी.

"अगं व्हर्ना, सापडलीस बाई एकदाची!" न्हाव्याची बायको ओरडली.

"छे गं, दुसरीच कुणी असेल," म्हणत व्हर्नानं कानामागची पेन्सिल हळूच काढली आणि टेबलाच्या खणात लपवली.