सहावं हेल्मेट

डोकी सहा आणि हेल्मेटं पाच. सुभेदारांनी पुन्हा मोजली, या वेळी उलट्या बाजूने. तरी पाचच.

नव्या कॅप्टनसाहेबांनी तपासणीची रीतच बदलली होती. एरवी तपासणारा खोलीत जाऊन एकेक खाट बघत पुढे सरकायचा. आज साहेबांनी सहाही जवानांना सामानासकट एकदम अंगणात उभं केलं, आणि शेवटचा जवान, ज्याला सगळे लंबू म्हणत, बोडक्या डोक्याने उभा राहिला.

"दुपारपर्यंत जबाबदार माणसाचं नाव द्या," साहेब सुभेदारांना म्हणाले. "नाहीतर याच्याच नावावर लावा. रजा बंद."

लंबूची गाडी संध्याकाळची होती. मुलगी पाच महिन्यांची झाली होती आणि त्याने तिला फक्त फोटोत पाहिलं होतं.

सुभेदारांनी खोलीतल्या एकुलत्या एका टेबलावर कागद पसरला. अठ्ठावीस वर्षांची नोकरी, कुणाला बोट ठेवायला जागा नाही. निवृत्तीला सहा आठवडे उरलेले. असली प्रकरणं ते चहा निवायच्या आत निकालात काढत.

"तुझं हेल्मेट कुठंय?" त्यांनी लंबूला विचारलं.

"पैलवानाच्या डोक्यावर, साहेब."

पैलवान म्हणाला, आपलं मास्तरकडे आहे. मास्तर भरती होण्याआधी शाळेत शिकवायचा. त्याने मुद्देसूद सांगितलं, की त्याचं गवयाकडे आहे. गवयाने रांगेतल्या चौथ्याकडे बोट दाखवलं, चौथ्याने पाचव्याकडे. सुभेदार कागदावर बाण काढत गेले.

"आणि तुझं?" त्यांनी पाचव्याला विचारलं.

"माझं ना? लंबूकडे."

सुभेदारांनी लंबूच्या डोक्याकडे पाहिलं. तिथे केसांशिवाय काही नव्हतं. बाण मात्र फिरून त्याच्यापाशीच आले होते. सहा जण, सहा बाण, आणि कुणाचंच काही हरवलेलं नाही. त्यांनी कागद उलटा धरून पाहिला.

"मला वेड लावायचा बेत आहे का रे तुमचा?"

शेवटी मास्तरच पुढे झाला. "साहेब, या खोलीत हेल्मेटं पाचच आहेत. आम्ही आलो तेव्हापासून. कुठलं कुणाचं ते आम्हालाही सांगता येत नाही. तपासणारा चौथ्या खाटेपाशी पोचला, की पहिल्या खाटेजवळचं हेल्मेट पायाने ढकलायचं. खाटांखालून सहाव्या खाटेपर्यंत. आवाज झाकायला गवई खोकतो. आम्हाला आधीच्या पोरांनी शिकवलं, त्यांना त्यांच्या आधीच्यांनी."

"म्हणजे इथे बदलून आल्यापासून वर्षभर मी एकच हेल्मेट दोनदा मोजतोय?"

गवई तेवढा खोकला.

"मग हरवलं कुणी?"

"नदीवाल्याने!" सगळे एकदम म्हणाले, आणि लगेच त्यांचं आपसात जुंपलं. लंबू म्हणाला, सरावाला गेले असताना नदी ओलांडताना त्याचं हेल्मेट वाहून गेलं. पैलवान म्हणाला, कसलं वाहून जातंय, विकून खाल्लं असणार. गवयाला खात्रीने माहीत होतं, की त्याने ते एका मुलीला दिलं आणि तिने त्यात गुलाब लावला. नदीवाल्याला कुणी पाहिलं नव्हतं, त्याचं खरं नाव कुणाला ठाऊक नव्हतं. पण तपासणी पार पडली, की सगळे त्याच्या नावाने पोट धरून हसत.

"कधीची गोष्ट?" सुभेदारांनी विचारलं.

"वीसेक वर्षं झाली असतील. खिडकीजवळची खाट होती म्हणे त्याची. एका तपासणीपुरतं शेजाऱ्याचं हेल्मेट मागून घेतलं, आणि आठवड्याभरात ते घेऊनच बदली होऊन गेला. निस्तरतोय आम्ही."

सुभेदार खिडकीकडे पाहत राहिले. भिंतींना आता दुसरा रंग होता, खाटाही बदलल्या होत्या. मग त्यांनी कागदाची घडी करून खिशात घातली आणि घटाघटा पाणी प्यायले. त्यांचं काय चाललंय, हे जवानांना कळेना. लंबूने ओळखलं, की रजा गेली. आता बायकोला काय कळवायचं, या विचाराने त्याला रडूच यायला लागलं.

दारात कॅप्टनसाहेब आले. "मिळालं नाव?"

"मिळालं, साहेब. या पोराला गाडीला सोडा."

जवान एकमेकांची तोंडं बघू लागले. जे नाव इतक्या वर्षांत कुणाला सापडलं नव्हतं, ते या माणसाला बसल्या जागी कसं मिळालं?

सुभेदार सावधान उभे राहिले, पण बोलले मात्र पोरांकडे वळून.

"नदीत नाही रे, विहिरीत पडलं ते. सगळ्यांना तहान लागली होती, म्हणून हेल्मेटने पाणी काढत होतो. दोर माझ्याच हातात होता."