हातोडीचा आवाज

"गुडघा बदलायला यंत्र कशाला, कान शाबूत असले की झालं," असं सर शिकाऊ डॉक्टरांना आयुष्यभर शिकवत आले. नवा सांधा हाडात बसला की हातोडीचा आवाज बदलतो. तिथेच थांबायचं, नाहीतर हाड तडकतं. आज ऑपरेशनच्या टेबलावर त्यांचाच गुडघा होता. कमरेखाली बधिर, पण कान उघडे. पडद्यापलीकडे त्यांचा विद्यार्थी यंत्राच्या मापाने ठोकत होता. ठक, ठक, ठक. तो थांबला. "बसला, सर." "कसला बसतोय," सर पुटपुटले, "आवाज कुठे बदललाय? हाण अजून दोन." उशाशी उभ्या सिस्टरने त्यांच्या कपाळावर हात ठेवला. "बदलला, सर. सगळ्यांना ऐकू आला." सर छताकडे बघत राहिले. निवृत्तीआधीच्या वर्षी त्यांच्या हातोडीखाली तीन म्हाताऱ्यांची हाडं तडकली होती. तिन्ही वेळा नातेवाइकांना त्यांनी सांगितलं होतं, हाडंच ठिसूळ होती.