पहिल्या रांगेसाठी

“पुन्हा वाजवा, मानोंग,” मारिविक म्हणाली आणि टोटोला कडेवर घेऊन गाडीच्या मागे जाऊन उभी राहिली.

सगळं गाव ज्याला मानोंग, म्हणजे थोरला दादा, म्हणायचं त्या बेबोतने वायरी सोडवल्या आणि स्पीकरांची दुसरी जोडी गाडीच्या मागच्या दारावर टांगली. गाड्यांना म्युझिक बसवण्यात त्याची हयात गेली होती. प्रवासी जीपनीवाले यायचे, तीनचाकी ट्रायसिकलवाले यायचे. छाती हादरली पाहिजे, एवढीच त्यांची अट असायची. शववाहिकेचे स्पीकर निवडायला बायकोपोराला घेऊन आलेला माणूस त्याने आज पहिल्यांदा पाहिला.

गावात शववाहिका एकच, आणि ती चालवणाराही एकच: मारिविकचा नवरा डेल्फिन. चर्चपासून दफनभूमीपर्यंत तो गाडी माणसाच्या पावलाने न्यायचा. मागच्या दारावरच्या दोन स्पीकरांतून गाणं वाजायचं, आणि सगळं गाव मागून चालायचं. घरची माणसं पहिल्या रांगेत, हात गाडीला लावून. गेल्या आठवड्यात एका मास्तरीणबाईंना नेताना त्या जुन्या स्पीकरांचे कागदी पडदे फाटले आणि गाणं असं काही फरफरलं, की पहिल्या रांगेतली त्यांची नात किंचाळत पळत सुटली. गाडीच्या मालकाने नवे घ्यायला सांगितलं. मारिविक म्हणाली, मीही येते.

पहिली जोडी धडधडणारी निघाली होती. टोटोने आईच्या मानेत तोंड खुपसलं होतं. आता ही दुसरी टोकदार वाजली.

“ही बघ,” बेबोत म्हणाला, “पार शेवटच्या माणसापर्यंत ऐकू जाईल.”

टोटोची हनुवटी थरथरली.

“ही पण नको.”

“अगं बाई, तू स्पीकर ऐकतेस की पोराचं तोंड बघतेस?”

“तोंड बघते.”

“आणि शेवटच्या रांगेने काय करायचं?”

“शेवटची रांग कोंबड्यांच्या झुंजीच्या गप्पा मारत असते, मानोंग. तिला कुठे ऐकायचंय?”

बेबोत खो खो हसला. डेल्फिनने ड्रायव्हरच्या सीटवरून मागे वळूनही पाहिलं नाही. “आटप, इंदाय. आजवर माझ्या एकाही गिऱ्हाइकाने तक्रार केलेली नाही.”

इंदाय, म्हणजे पोरी, ही त्याची जुनी हाक, आणि हा त्याचा जुना विनोद. लग्नाच्या वर्षी ती त्यावर पोट धरून हसली होती.

फेब्रुवारीत शहरातल्या डॉक्टरने तिच्या पोटाचे फोटो उजेडासमोर धरले होते. ख्रिसमसपर्यंतचं काही धरून चालू नका, म्हणाला होता. घरी आल्यावर तिने ते डेल्फिनला जसंच्या तसं सांगितलं. “डॉक्टर काय, बोलतात,” एवढं म्हणून तो फडकं घेऊन गाडी पुसायला गेला. नंतरही तिने तोंड उघडलं, की त्याला फडकं सापडायचं. गाडी इतकी चकचकीत कधीच नव्हती.

मरायची भीती तिला वाटायची, पण ती आवरता यायची. टोटोचं काय, हे आवरत नव्हतं. तो तीन वर्षांचा. ढग गडगडले तरी पलंगाखाली शिरायचा. त्या दिवशी तो पहिल्या रांगेत असणार, त्या दोन स्पीकरांच्या अगदी तोंडासमोर. आणि कुणाच्या कडेवर? डेल्फिन तर गाडीवर. सासूचे गुडघे गेलेले. बहीण कुवेतमध्ये दुसऱ्यांची घरं पुसत होती. तांदूळ धुताना, कपडे पिळताना ती त्याला कडेवर घेतील अशी माणसं बोटांवर मोजायची, आणि मिटलेल्या मुठीतलं एकही बोट उघडायचं नाही. निदान आवाज तरी आपण निवडू, असं ठरवून ती आज आली होती.

तिसरी जोडी बेबोतने अगदी मागच्या फळीवरून काढली. साधा कागदाचा पडदा, बेताचं लोहचुंबक. “यात दम नाही,” तो म्हणाला. “फक्त गळा स्वच्छ येतो.”

गाणं सुरू झालं. टोटोने मान वर केली. जरा वेळ ऐकलं आणि गाडीच्या बंद दाराकडे बोट दाखवलं.

“आई, आत कोण बाई आहे?”

मारिविकने त्याचं बोट हळूच खाली केलं. “ही द्या,” ती बेबोतला म्हणाली. मग पुढे पाहून हाक मारली, “डेल्फिन, जरा चालव ना. उभं राहून नाही कळायचं.”

गाडी माणसाच्या पावलाने निघाली. मारिविक काचेवर हात टेकवून मागून चालू लागली. बाजूने बेबोत, हातात पक्कड तशीच. कोपऱ्यावरच्या पावाच्या दुकानापर्यंत जाता जाता तिचा श्वास संपला. टोटो कडेवरून घसरायला लागला. तिने हाक मारली नाही. हात मात्र काचेवरून सुटला.

गाडी थांबली.

तो आरशात बघत होता तर. दार उघडलं. डेल्फिन मागे आला. खांद्यावर फडकं होतंच. काचेवर तिच्या घामेजल्या पंजाचा ठसा उमटला होता, पाचही बोटं स्पष्ट. तो ठशाकडे बघत राहिला. आता पुसणार, आणि म्हणणार, चल घरी, असं तिला वाटलं.

त्याने फडकं खांद्यावरून काढलं आणि खिशात कोंबलं. तिच्या कडेवरून टोटोला घेतलं, खांद्यावर बसवलं आणि एका हाताने त्याचे दोन्ही पाय छातीशी घट्ट धरले. मग ठशाच्या शेजारी आपला दुसरा हात टेकवला.

“मानोंग, तुम्ही बसा गाडीवर,” तो म्हणाला. “हळू घ्या. मला गाडी चालवायची सवय आहे, मागून चालायची नाही.”