वाटणी
गावच्या संताच्या उत्सवाला कुणीही कुणाच्याही घरी जेवायला शिरू शकतं, म्हणून रोसेन्दा थेट जुन्या गव्हर्नरांच्या टेबलापाशी पोचली. हुकूमशहाच्या काळात यांच्याच माणसांनी तिचा मुलगा नीलो उचलला होता. “साहेब, निदान त्याला कुठे पुरलंय, तेवढं सांगा.” “मावशी, मनिलात नवी राज्यघटना झालीय. सत्ता आता एका हातात नसते,” भाजलेल्या डुकराची कुरकुरीत कातडी मोडत म्हातारा म्हणाला. “कायदे माझा थोरला करतो, कारभार लेक बघते, न्याय जावयाकडे. त्यांना विचारा.” तिघं तिथेच जेवत होते. थोरल्याने बहिणीकडे बोट दाखवलं, बहिणीने नवऱ्याकडे. न्यायाधीश जावयाने डुकराचा कान कापून तिच्या हातावर ठेवला. “घ्या कान! झाली तुमची सुनावणी.” सगळ्या टेबलावर हशा पिकला. उत्सवाचं अन्न नाकारलं तर संत कोपतो. नीलो दरवर्षी कानच मागायचा. रोसेन्दा उभ्याउभ्या चावत राहिली.